शाईपेनांचा संग्रह: घेताना, भरताना, धुताना काय पाहता?

राजवाडा_दौत

इंदुरात शाईपेनं जमवणारी मराठी मंडळी कमी नाहीत. खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानातून कधी जुना साठा निघतो, कधी एखाद्या घरात आजोबांच्या टेबलाचा खण रिकामा होतो, आणि पेन एकदा हातात आलं की खाली ठेववत नाही. टोपणाचे आटे फिरताना लागणारी गुळगुळीत ओढ, एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा, उबदार स्पर्श, ओल्या शाईची क्षणभर दिसणारी चमक, हे सुख इथे कुणाला समजावून सांगायला नको. माझा आग्रह एवढाच, की संग्रहातलं प्रत्येक पेन लिहितं असावं. जे पेन कधी शाईत बुडलंच नाही, त्याची निब कशी, पकड कशी, हे मालकालाही ठाऊक नसतं. म्हणून आपल्या हाताला जे पक्कं ठाऊक आहे ते मापांसकट लिहा.

मी उन्हाळ्यापासून सुरुवात करते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. टोपण नीट बसत नसेल तर शाईतलं पाणी उडतं आणि रंग मागे राहतो. आधी अक्षर गडद होतं, मग पहिली रेघ उमटत नाही, आणि शेवटी निबखालच्या जिभेच्या (निबला शाई पुरवणाऱ्या भागाच्या) बारीक चिरांत रंग खडा होऊन बसतो. नवं पेन घेतलं की ही चाचणी करा: शाई भरा, टोपण लावा, निब वर करून तीन दिवस उभं ठेवा, मग न झटकता लिहा. पहिल्या अक्षराला शाई आली तर टोपण चांगलं. जपानी प्लॅटिनम कंपनीच्या ३७७६ सेंच्युरी पेनात टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसणारी दुसरी टोपी असते. ती निबभोवतीची हवा बंद करते, त्यामुळे ते पेन महिनोन् महिने कोरडं पडत नाही. बाकीच्यांसाठी माझा नियम असा: उन्हाळ्यात एका वेळी तीनच पेनं भरलेली, आणि तीही अर्धी. उरलेली धुऊन, सुकवून खणात.

जुनंपेन

दौतताईंनी जुन्या साठ्याचा विषय काढलाच आहे, तर जुनं पेन विकत घेताना काय पाहायचं ते सांगतो.

पहिली नजर टोपणाच्या ओठावर. मोबाइलचा टॉर्च आतून लावून टोपण हळू फिरवा. केसाएवढा तडा असेल तर तो उजेडात रेघेसारखा दिसतो. टोपणाचा तडा सहसा वाढतच जातो, तेव्हा किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. दुसरी नजर निबच्या टोकावर, दहापटीच्या भिंगातून. टोकाला कठीण धातूचा ठिपका असतो. तो एका बाजूने घासून सपाट झाला असेल तर पेन आधीच्या मालकाच्या हाताच्या वळणाचं झालेलं असतं. ठिपकाच गेला असेल तर निब संपली. ‘१४ के’ किंवा ‘५८५’ म्हणजे ५८.५ टक्के सोनं. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ या छापावरून मात्र कारखाना कळत नाही, तो वाचून हुरळून जाऊ नका.

शाई भरायला बाजूला लीव्हर असलेलं पेन दुकानात उघडून बघायचा मोह आवरा. आतली रबरी पिशवी वाळून दगड झालेली असते. लीव्हर जोराने उचलला तर तो वाकतो किंवा दांडीच, म्हणजे पेनाची मागची नळीच, फुटते. पिशवी बदलणं घरी जमतं, पण घाई चालत नाही. हेअर ड्रायरने पकडीचा (बोटांनी धरायच्या पुढच्या भागाचा) सांधा सतत फिरवत गरम करा. हाताला चटका बसेल न बसेल इतपत, साधारण ६० अंश. मेणबत्ती, लायटर कदापि नाही. दांडी सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची असेल तर भडकून पेटते. पकड सुटली की जुनं रबर खरवडून काढा, दांडीतला चुरा झटका, आतली पोलादी पट्टी गंजली आहे का पाहा. नव्या पिशवीचा क्रमांक म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग: १६ क्रमांक म्हणजे १६/६४, अर्थात पाव इंच व्यास. लांबी अशी कापा की दांडीच्या तळापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे संपेल. जास्त लांब राहिली तर तळाशी दुमडते आणि शाई अर्धीच भरते. चिकटवायला फक्त शेलॅक, म्हणजे आपली लाख. पातळ थर, आणि २४ तास वाळू द्या. पिशवीला बाहेरून बिनवासाची टाल्कम पावडर चोळली की पट्टी अडकत नाही. सुपरग्लू लावलात तर पुढच्या वेळी तो सांधा तोडूनच उघडावा लागेल.

पार्कर ५१ चं सांगायचं तर ते १९४१ मध्ये बाजारात आलं. १९४८ पासूनच्या, आत दाबपट्टी असलेल्या पेनांतली पारदर्शक पिशवी बहुधा आजही शाबूत असते. पट्टी चार-सहा वेळा दाबायची, पण दर वेळी सोडल्यावर निब दौतीतच ठेवून थांबायचं. झाकलेल्या निबमागच्या चिरांत शाई साठते, ती भरायला वेळ लागतो.

निबची_ताई

माझ्या अनुभवाने संग्रहातली निम्मी ‘खराब’ पेनं खराब नसतातच. मधल्या फटीने निबची दोन पाती होतात, त्यांतलं एक दुसऱ्यापेक्षा केसभर खाली असतं, एवढंच. दहापटीचं भिंग घ्या, निब थेट डोळ्यासमोर धरा आणि टोकाकडून बघा. दोन्ही अर्धगोल एका पातळीत दिसले पाहिजेत.

तक्रार नेमकी ओळखायला शिका. एकाच दिशेला खरखरत असेल तर पाती वरखाली आहेत. सगळ्या दिशांना खरखरत असेल तर आधी कागद बदलून बघा, मग टोकाला हात लावा. निब मऊ चालते पण पहिला टिंब उमटत नाही, म्हणजे टोक नको इतकं गोल घासलंय. फटीच्या दोन्ही कडा आत वळल्यामुळे शाई कागदापर्यंत पोचतच नाही. आणि चांगलं लिहिता लिहिता दोन ओळींनंतर फिकं पडत असेल तर दोष निबचा नाही, जिभेतून शाई पुरेशी येत नाही.

पाती वरखाली असतील तर खाली गेलेलं पातं नखाने खालून वर दाबा. पाच सेकंद धरा, सोडा, भिंगातून बघा. पुन्हा तेच. एका दाबात सरळ करायला गेलात तर पातं पलीकडे जातं आणि पोलादाला नवीन वळण लागतं. फटीत सुकलेली शाई किंवा कागदाचा तंतू असेल तर ०.०५ मिलिमीटरचा पितळी पत्रा सरकवून काढा, ब्लेडचं पातं नको. उजेडासमोर धरल्यावर फट भोकापाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती दिसावी. टोकापर्यंत सारखीच रुंद असेल तर शाई केशाकर्षणाने टोकाला ओढली जात नाही आणि पेन कोरडं लिहितं.

घासायचं शेवटी. १२,००० नंबरचं मायक्रोमेश (अतिबारीक घासकापड), त्यावर शाईने ओली निब, लिहायच्या कोनात, जोर अजिबात नाही, आठ-दहा वेळा इंग्रजी आठाच्या आकारात. मग कागदावर लिहून बघा. घासलेलं टोक परत येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीनंतर थांबायचं. पार गोल झालेल्या टोकाला हाच उपाय, फक्त धीर जास्त हवा.

एबोनाइटच्या जिभेची गंमत मला फार आवडते. निब आणि जीभ यांत फट राहिली असेल तर दोन्ही बसलेल्या जागी ८०-९० अंशांच्या पाण्यात २०-३० सेकंद बुडवा, कापडात धरून अंगठ्याने जीभ निबवर दाबा आणि तशीच गार पाण्यात धरा. ती निबच्या वळणावर बसते. प्लॅस्टिकच्या जिभेला हे करू नका. आणि गरम पाणी फक्त जिभेलाच. एबोनाइटची दांडी किंवा पकड त्यात गेली तर काळ्याचा करडा-तपकिरी रंग होतो.

शाईचा_डाग

धुण्याबद्दल. नव्या पेनालाही कारखान्यातलं तेल असतं, त्यामुळे शाई जिभेवर पसरत नाही. कपभर पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात पेन तीन-चार वेळा भरून रिकामं करा, मग साध्या पाण्याने. औषधाच्या दुकानात कानासाठी रबरी पिचकारी मिळते. तिचं तोंड पकडीच्या मागे बसवून दाबलं की दहा मिनिटांचं काम एका मिनिटात होतं. सुकून दगड झालेल्या शाईसाठी एक भाग घरगुती अमोनिया, दहा भाग पाणी. पितळी भाग त्यात भिजत ठेवू नका. पाणी नळाचं, नर्मदेचं असेल तर ठीक, बोरिंगचं असेल तर क्षार उरतात. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने, बॅटरीत घालायला मिळतं तेच, फक्त बाटलीवर आम्ल नसल्याची खात्री करा.

दोन कंपन्यांच्या शाया मिसळायच्या असतील तर आधी काचेच्या छोट्या बाटलीत एक-एक मिलिलिटर घेऊन दोन दिवस ठेवा. तळाशी गाळ दिसला, कडेला दाणे दिसले, तर ते मिश्रण पेनात नको. एक आम्लधर्मी, दुसरी अल्कधर्मी असली की रंग फुटून खाली बसतो. पावसाळ्यात दौत उघडताच कुबट वास आला किंवा वर पांढरे धागे तरंगले तर ती बुरशी आहे. गाळून वापरायच्या भानगडीत न पडता दौत टाका. पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतू नका, बुरशी बहुतेक त्याच वाटेने येते.

लोहयुक्त जुन्या पद्धतीची शाई कागदपत्रांसाठी उत्तम. लिहिल्यावर हवेने काळी पडते आणि पाण्याने जात नाही. पण ती पेनात सुकू देऊ नका, दर दोन आठवड्यांनी धुवा. चित्रकाराची काळी इंडियन इंक मात्र कधीच नाही. तिच्यात काजळी आणि लाख असते, वाळली की जीभ कायमची बंद.

टीपकागद

कागदाचं एका परिच्छेदात. ७० ग्रॅमच्या (हे दर चौरस मीटर कागदाचं वजन) वहीत शाई फुटते, मागच्या पानावर उतरते. ८०-१०० ग्रॅमचा, चांगली खळ दिलेला कागद घ्या. वजन हीच खूण नव्हे: ५२ ग्रॅमचा जपानी तोमोए रिव्हर शाई सुरेख धरतो आणि जाड ड्रॉइंग पेपर ती पिऊन टाकतो. आणि एक इंदुरी सूचना: पोहे-शेव खाऊन हात साबणाने धुवा. पानाच्या खालच्या भागात तळहाताचं तेल लागलं की तिथे शाई तुटक उमटते आणि दोष बिचाऱ्या निबला येतो.

ड्रॉपरभक्त

मी भारतीय, हाताने बनवलेल्या पेनांचा माणूस. राजमहेंद्रीचं रत्नम १९३२ पासून, गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेतून सुरू झालेलं. तिथलंच गाइडर १९४६ चं. हैदराबादचं डेक्कन १९२८ चं. शाईत कोलकात्याची सुलेखा १९३४ ची, आणि आपल्या दांडेकरांचं कॅमलिन १९३१ मध्ये शाईच्या भुकटीपासून सुरू झालं. संग्रह करायचा तर या धाग्याने करा, असं मी नव्या मंडळींना कळकळीने सांगतो. लेथवर हाताने कातलेलं एबोनाइट हातात घेतलं की त्याची गोडी लागते.

ड्रॉपरने भरायच्या पेनात थेट दांडीत दोन ते चार मिलिलिटर शाई मावते. शाई तिसऱ्या हिश्शावर आली की पेन शाई ओकतं, ही नेहमीची तक्रार. कारण साधं: वर रिकाम्या जागेत हवा, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. उपाय म्हणजे तिसरा हिस्सा उरला की पुन्हा भरा, आणि लिहायच्या आधी निब वर धरून पेन मिनिटभर हातात ठेवा, हवा आधीच बाहेर पडते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. व्हॅसलिन नको, त्याने रबरी रिंग फुगते. साधं कार्ट्रिजचं (शाईची तयार नळी घालायचं) पेन ड्रॉपरचं करायचं असेल तर दांडीच्या तळाला भोक नाही आणि आत धातूचा आटा नाही, हे पाहा. धातू शाईने गंजतो.

ठेवण्याबाबत जुनंपेनदादांना पुरवणी. एबोनाइट अंधारात ठेवा, उन्हाने आणि दमटपणाने ते तपकिरी पडतं. सेल्युलॉइड हवेशीर जागी, आणि रबरी पिशवीच्या पेनांपासून दूर. रबरातून निघणाऱ्या गंधकाच्या वाफेने फिकं सेल्युलॉइड पिवळं-तपकिरी होतं. रबरबँड लावून पेनांची जुडी बांधू नका, त्याच कारणाने.

बोरू_टाक

निब निवडताना दुकानदार ‘मीडियम घ्या भिया’ म्हणतो, पण देवनागरीसाठी नीट विचार करा. आपल्या अक्षरांत बंद पोकळ्या भरपूर: ठ, ढ, ळ, क्ष, द्ध. बारीक अक्षर काढणाऱ्याने जाड निब घेतली की ढ चा डोळा भरतो, घ-ध आणि भ-म ओळखू येत नाहीत. जपानी निब त्याच नावाच्या युरोपीय निबपेक्षा एक घर बारीक असते, म्हणजे जपानी मीडियम साधारण युरोपीय फाइनइतकी. निब तपासायला मी हे शब्द लिहितो: क्षितिज, ज्ञान, ठळक, ढोल, शृंगार, उद्ध्वस्त. यांत उभी, आडवी, तिरपी, गोल अशी प्रत्येक चाल येते. सह्या करून निब कळत नाही.

सपाट छाटलेल्या टोकाची स्टब निब सरळ धरली तर काना जाड आणि शिरोरेघ बारीक येते. बोरूचं खरं वळण हवं असेल तर लक्षात ठेवा, देवनागरीचा बोरू रोमन लिपीच्या उलट बाजूने तिरपा छाटतात. रोमनसाठी तिरपी केलेली निब घेतलीत तर जाड-बारीक चुकीच्या जागी पडतं. सुरुवात १.१ मिलिमीटरच्या सरळ स्टबने करा. ओळींतलं अंतर आठ मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात.

होळकरांच्या दप्तरातली मोडी वाचायला, गिरवायला शिकणाऱ्यांना स्टब नको. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात आणि हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात, म्हणून गोल टोकाची, ओली वाहणारी निब हवी. पातं वर ढकलताना स्टब कागदात रुतते. १४ कॅरटची थोडी लवचीक बारीक निब मिळाली तर उत्तम, पण पोलादी फाइनवर जीभ नीट बसवलेली असली तरी हात अडत नाही.