धाडीनंतर मागे राहिलेल्या कुटुंबांचे काय होते?

प्रश्न
नमस्कार. अमेरिकेत राहण्या-कामाची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्यांना पकडायला इमिग्रेशन विभागाची धाड पडली की अटकेचा आकडा छापून येतो आणि विषय तिथेच थांबतो. ७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपीतील कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यांमधून सुमारे ६८० कामगार पकडले गेले. त्यांच्यापैकी अनेकांची मुले त्या दिवशी शाळेत होती. त्या मुलांना घरी कोण भेटले असेल, हा विचार मनातून जात नाही. अशा कुटुंबांचे पुढे काय होते?

प्रतिसाद १
आयोवा राज्यातील पोस्टव्हिलचे उदाहरण पाहावे. जेमतेम सव्वादोन हजार वस्तीच्या या गावातील मांस कारखान्यावर १२ मे २००८ रोजी धाड पडून ३८९ जणांना अटक झाली, त्यांत बहुसंख्य ग्वाटेमालाचे होते. वॉटर्लू येथील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर न्यायालय भरवून गटागटाने खटले उरकण्यात आले, आणि बहुतेकांना पाच महिन्यांची कैद व त्यानंतर हद्दपारी असा निकाल मिळाला. मुले लहान म्हणून काही मातांना सोडले, परंतु पायात पाळत ठेवणारे इलेक्ट्रॉनिक कडे अडकवून आणि काम करण्याची मुभा न देता. म्हणजे घरात कमावणारे कोणीच उरले नाही. भाडे आणि किराणा यांसाठी त्यांना गावातील सेंट ब्रिजेट चर्चच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले.

प्रतिसाद २
या धाडीची झळ पोस्टव्हिलपुरती राहिली नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी संपूर्ण आयोवातील जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांच्या बाळांचे वजन कमी असण्याचा धोका आधीच्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. गोऱ्या मातांच्या बाबतीत तशी वाढ नव्हती. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे की, अमेरिकेत जन्मलेल्या, कागदपत्रांची कसलीही चिंता नसलेल्या लॅटिनो मातांच्या बाळांमध्येही ही वाढ आढळली.

प्रतिसाद ३
कामाच्या जागेचाही विचार व्हावा. मिसिसिपीत धाड पडलेल्या कारखान्यांपैकी एकाने आदल्याच वर्षी, लॅटिनो कामगारांचा छळ आणि स्त्रियांचे लैंगिक शोषण झाल्याच्या दाव्यात ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली होती. एवढे होऊनही पुढच्या वर्षी बेड्या पडल्या त्या कामगारांच्या हातात. १९८६ च्या कायद्याने कागदपत्रे नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणे बेकायदा ठरवले खरे, पण ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करणे अवघड असल्याने मालक बहुधा सुटतो. आणि हे पाहिलेला कामगार मजुरी बुडाली किंवा हात कापला तरी तक्रार करायला धजावत नाही.