कॉर्डलेस टूलच्या पर्यायी बॅटऱ्या : काय बघून घेता, काय बिघडतं?

उलटापाना
कपाट आवरताना जुनी निकेल-कॅडमियमची १८ व्होल्टची बॅटरी हाती लागली आणि तो काळ आठवला. १.२ व्होल्टचे १५ सेल, आकार जुळला की काम झालं. लिथियममध्ये इतकं सोपं राहिलं नाही, म्हणून हा धागा. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यांनी नेमकं लिहा.
माझ्याकडून सुरुवात: १८ व्होल्ट, '२० मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' हे बहुतेक वेळा एकच असतं. आत सिरीजमध्ये ५ सेल. ३.६ ने गुणलं की १८, पूर्ण चार्ज असताना ४.२ ने गुणलं की २१. आकडा मोठा म्हणून जोर जास्त असं काही नाही.

भुसाभुगा
वजनकाटा घ्या. १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, या पॅकमध्ये सर्रास असतो तो) साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा. दोन रांगांचे १० सेल म्हणजे ४५० च्या वर, त्यात बोर्ड, पट्ट्या, खोकं. ५ एएचचा (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) खरा पॅक ६०० च्या पुढेच जातो. ४०० भरला तर समजून जा, १० पूर्ण सेल त्यात बसूच शकत नाहीत.
आणि त्याच खोक्यावर '९ एएच' लिहिलेलं असतं ना? १० सेलमध्ये ९ म्हणजे दर सेलला ४.५. १८६५० मध्ये साडेतीनच्या आसपास गाडी थांबते, आणि साडेतीनवाले सेल जास्त करंट देत नाहीत, ८-१० अँपिअरचे असतात. ते टॉर्चला ठीक. ९ हवेच असतील तर १५ सेल किंवा २१७०० आकाराचे मोठे सेल लागतात, मग खोकंही मोठं दिसतं.

ठोकपीट
+१. आणि बॅटरीवरच्या चार दिव्यांवर जाऊ नका, ते बहुतेक वेळा फक्त व्होल्टेज दाखवतात. १ एएचची पण चारही दिवे लावते :)

चौकोनी_चाक
माझी ड्रिलला मस्त चालते पण ग्राइंडरला लावली की दोन सेकंदांत बंद. चार्ज फुल आहे. का?

भुसाभुगा
@चौकोनी_चाक, आतला रेझिस्टन्स. चांगला सेल २० मिलीओहमच्या आसपास, भंगार किंवा थकलेला ६० च्या वर. ५ सिरीज २ पॅरलल धरा: चांगल्याचा पॅक ५० मिलीओहम, भंगाराचा १५०. ग्राइंडरने ३० अँपिअर ओढले की पहिल्यात दीड व्होल्ट पडतो, दुसऱ्यात साडेचार. २० चे झाले साडेपंधरा, सेल जरा उतरले की टूलला वाटतं बॅटरी संपली. पॅक गरमही होत असेल, हात लावून बघा.

चौकोनी_चाक
हो चटका बसतो! मग टॉर्चला वापरतो आता.

मापदंडवाले
क्षमता मोजायची असेल तर गाडीचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये लावा. १८ व्होल्टला ४ अँपिअरच्या आसपास करंट जातो. मल्टीमीटर लावून १५ व्होल्टला थांबा, त्याखाली नेऊ नका. ५ एएच खरी असेल तर सव्वा तासाच्या जवळ जाते. अर्ध्या तासात संपली तर ती २ ची आहे. बल्ब तापतात, लाकडावर ठेवू नका आणि सोडून जाऊ नका.

तारतम्य_ताई
सगळे क्षमतेवरच बोलताय. थर्मिस्टरचं (पॅकमधला तापमान ओळखणारा रेझिस्टर) कोणी बोलत नाही, आग तिथून लागते. स्वस्त पॅकमध्ये त्याजागी साधा ठरावीक रेझिस्टर ठोकतात, चार्जरला वाटतं सेल कायम गार आहेत. तपासायचं तर थर्मिस्टरचं टर्मिनल आणि ऋण टर्मिनल यांच्यात ओहम मोजा (बऱ्याच पॅकमध्ये खोलीच्या तापमानाला १० किलोओहमच्या आसपास). काम करून पॅक गरम झाला की परत मोजा. आकडा खाली यायला हवा. ढिम्म हलला नाही तर पॅक परत करा.
दुसरं, शून्य अंशाखाली चार्जिंग नको, सेलच्या आत धातूरूप लिथियम साचतं.

ठोकपीट
ताई हे माहीत नव्हतं. उठून मोजतोच.

मापदंडवाले
ताईंना जोडून: डिवॉल्टच्या २० मॅक्स पॅकवर सी१ ते सी४ टर्मिनलं असतात, चार्जर त्यावरून एकेक सेल बघतो. नकली पॅकमध्ये कधीकधी तिथे नुसती पितळी पट्टी, मागे तारच नाही. पूर्ण चार्जनंतर लगतच्या टर्मिनलांमधला फरक मोजा. सेलांमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त तफावत नवीन पॅकला शोभत नाही.

गंजका_खिळा
एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या टूलला लावायचा अडॅप्टर कसा? दोन चार्जर सांभाळायचा कंटाळा येतो.

तारतम्य_ताई
चालतो, पण काही कंपन्यांचा लो-व्होल्टेज कट (बॅटरी फार उतरली की बंद करणारी सोय) टूलमध्ये असतो, पॅकमध्ये नाही. अडॅप्टर मध्ये आला की कोणीच थांबवत नाही, सेल पार तळाला जातात. जोर उतरला की लगेच बॅटरी काढा, अडॅप्टरवर लावून ठेवू नका. आणि २ व्होल्टखाली गेलेला सेल दुसऱ्या बॅटरीने 'उठवू' नका. आतलं तांबं विरघळलेलं असतं, नंतर चार्जिंगमध्ये शॉर्ट होतो.

गंजका_खिळा
बरं. दोन चार्जर परवडले.

उलटापाना
कोणी रिकामं खोकं घेऊन त्यात चांगले सेल भरतं का?

भुसाभुगा
भरतात, पण स्पॉट वेल्डरनेच. सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. पट्टी ०.१५ मिमीची शुद्ध निकेलची, आणि जास्त करंटच्या टूलला दोन थर. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास विकतात, चुंबक दोन्हीला चिकटतो म्हणून तो उपयोगाचा नाही. पट्टी कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज चढला की लोखंड.

ठोकपीट
मोजलं. ओहम हलत नाहीत :( खोलायचा म्हटलं तर स्क्रूच्या मध्ये टाचणीएवढा खांब आहे, पान्याचं टोक जातच नाही.

मापदंडवाले
मधे भोक असलेला टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट, बहुतेक टी१० मापाचा. पण परत करायचा असेल तर खोलू नका, सील तुटलं की घेत नाहीत.

ठोकपीट
सील कालच तुटलं.