तैगातला प्रत्येक वणवा विझवायलाच हवा का?

ध्रुवमत्स्य:
2023 साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं. यलोनाइफ हे सुमारे 20 हजार वस्तीचं शहर ऑगस्टमध्ये रिकामं करावं लागलं. तेव्हापासून एकच सूर ऐकू येतो: तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, कुठेही धूर दिसला की विमानं पाठवा. मला हे पटत नाही. वस्तीकडे येणारी आग अडवलीच पाहिजे. पण माणसांपासून शेकडो किलोमीटर दूर, विजेने लागलेल्या आगीमागे का धावायचं?

हे जंगल आगीसोबतच घडलंय. जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाचे शंकू राळेने घट्ट बंद असतात. वणव्याच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि बी मोकळ्या झालेल्या जमिनीवर पडतं. काळा स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचंही बरंचसं तसंच. जळालेल्या जागी भूर्ज, अ‍ॅस्पेन, विलो फुटतात. त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर मूस (मोठी हरणं) आणि ससे पोसले जातात, सशांवर लिंक्स ही रानमांजरं. दाट, जुन्या स्प्रूसखाली एवढा चारा उगवतच नाही. शिवाय तरुण अ‍ॅस्पेनचं रान स्प्रूसइतकं सहज पेटत नाही, म्हणजे आजची आग उद्याच्या आगीला आडवी येते.

गोठणबिंदू:
तुम्ही झाडं बघताय, जमीन नाही. तैगातला बहुतेक कार्बन खोडांत नसून मातीत आणि पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, साठलेला आहे. बऱ्याच भागात त्याखाली कायम गोठलेली जमीन आहे, आणि शेवाळाचा जाड थर उन्हाळ्याची उष्णता तिच्यापर्यंत पोचू देत नाही. आगीत हा थर जळाला की खालचं बर्फ वितळायला लागतं आणि हजारो वर्षं साठलेले अवशेष कुजू लागतात. पीट तर हिवाळाभर बर्फाखाली धुमसतं आणि वसंतात पुन्हा पेटतं. म्हणूनच अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात 2023 मध्ये सुमारे 16 लाख एकर क्षेत्रात लागणाऱ्या आगी, तिथे वस्ती नसतानाही, वेळीच विझवायचं ठरलं. माझ्या मते हेच धोरण बरोबर आहे.

रानवाटा:
कॅरिबूंचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरचं, काय? जंगलातल्या कॅरिबूंचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं म्हणजे लायकेन (दगडफूल), आणि जळाल्यावर ते पुरेसं वाढायला कित्येक दशकं जातात. मूस वाढतात तिथे लांडगेही वाढतात, आणि त्यात कॅरिबू मारले जातात. मूसची चंगळ ही सगळ्या जंगलाची भरभराट नव्हे.

ध्रुवमत्स्य:
लायकेनचा मुद्दा खरा आहे. पण कॅरिबूंच्या ऱ्हासाला वृक्षतोड, रस्ते आणि तेलशोधासाठी जंगलात पाडलेल्या सरळसोट पट्ट्या जास्त जबाबदार आहेत. लांडगे त्याच पट्ट्यांवरून वेगाने फिरतात. आगीवर खापर फोडलं की ही कामं करणाऱ्या कंपन्यांना कुणी जाब विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

उत्तरायण:
‘दूरची आग जळू द्या’ हे रशियाने करून पाहिलंय. 2015 च्या नियमाने दुर्गम भागांत, विझवण्याचा खर्च संभाव्य नुकसानीपेक्षा जास्त असेल तर आग सोडून देण्याची मुभा प्रांतांना मिळाली. त्या हिशेबात धूर धरलाच नव्हता. 2021 मध्ये सायबेरियातल्या याकुतियातला धूर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोचला. याकुतियातल्या गावांनी तो आठवडेच्या आठवडे श्वासात घेतला. दूर म्हणजे कुणापासून दूर?

गोठणबिंदू:
आणि शंकूंचा युक्तिवाद पूर्ण करा की! बी पडायला झाड शंकू धरण्याच्या वयाचं तरी हवं. रोपटी लहान असतानाच दुसरी आग आली तर पडायला बीच नसतं, आणि तिथे स्प्रूसचं जंगल परतत नाही. तापमान वाढतंय तसं दोन आगींमधलं अंतर कमी होतंय.

ध्रुवमत्स्य:
बरोबर, आणि या मुद्द्यावर मी एक पाऊल मागे यायला तयार आहे. तरुण, नुकतंच सावरणारं रान आणि खोल पीटची जमीन, इथली आग विझवा. उत्तरायण म्हणतात तो गावांकडे जाणारा धूरही हिशेबात धरा. पण बाकीच्या जुन्या स्प्रूसमधल्या आगीवर पहारा ठेवा आणि ती जळू द्या. विमानं आणि माणसं मोजकीच आहेत. ती सगळीकडे पसरली तर नेमकी पीटच्या जमिनीवर कमी पडतील.