रिस्टोअर केलेल्या जुन्या चित्रपटांच्या डिस्क : वेष्टनावर ‘४के’ आहे, पण स्कॅन कशाचा झाला ते कुठे आहे?

रीळ३५

जुन्या भारतीय चित्रपटाचं रिस्टोरेशन कुठल्या महोत्सवात दाखवलं गेलं, की ‘डिस्क कधी येणार’ हा प्रश्न संग्राहकांमध्ये सुरू होतो आणि घोषणा होताच आगाऊ नोंदणीची घाई होते. माझं मत स्पष्ट आहे. स्कॅन कशावरून केला हे प्रकाशक लिहून देत नाही तोवर पैसे देऊ नयेत.

‘४के’ (आडवे सुमारे ४,००० पिक्सेल, ‘२के’ म्हणजे त्याच्या निम्मे) हा शब्द फक्त स्कॅनरची क्षमता सांगतो. फिल्मवर किती तपशील शिल्लक आहे ते सांगत नाही. कॅमेऱ्यातून गेलेल्या मूळ निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरची प्रिंट निघते. दर पिढीला तपशील कमी होतो आणि कॉन्ट्रास्ट चढतो. प्रिंटमध्ये सावल्या काळ्या ठिक्कर पडलेल्या असतात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा झालेल्या असतात. हे एकदा गेलं की कोणताही स्कॅनर परत आणत नाही. चौथ्या पिढीच्या प्रिंटचा ४के स्कॅन म्हणजे बव्हंशी ओरखडे आणि ग्रेन (फिल्मवरचे रवाळ कण) बारकाईने टिपणं. तिथे २के पुरतो.

नीट माहिती कशी द्यायची याचा नमुना आपल्यासमोर आहे. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. २०१३ नंतर इटलीतल्या बोलोन्यात त्यांच्या कडेची छिद्रं हाताने नव्याने बांधली, वितळून चिकटलेला गोंद आणि मेण काढलं. तरीही ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून थोडा जास्त भागच मूळ निगेटिव्हवरून घेता आला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह तर वापरताच आली नाही. उरलेलं सगळं फाइन-ग्रेन मास्टर (निगेटिव्हवरून जतनासाठी काढलेली पॉझिटिव्ह प्रत) आणि ड्यूप निगेटिव्हवरून घेतलं. हे सगळं जाहीर केलेलं असल्यामुळे एखादा प्रसंग अचानक मऊ का दिसतो ते पाहणाऱ्याला कळतं. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’च्या २०२४च्या रिस्टोरेशनबद्दलही चित्राचा आधार पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली मूळ कॅमेरा निगेटिव्ह आणि आवाजाचा आधार फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेकडची ३५ मिमी प्रिंट, असं स्वच्छ सांगितलं गेलं. एवढी दोन वाक्यं वेष्टनाच्या मागे छापायला काय हरकत आहे?

दादर_मॅटिनी

असहमत, आणि ठामपणे. तुमचा निकष राय आणि बेनेगल यांच्या चित्रपटांना परवडतो. मराठी बोलपटांना लावला तर फडताळ रिकामंच राहील.

१९५०च्या आसपासपर्यंतचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर आहेत. ती फिल्म पेट घेते, आणि पेटली नाही तरी आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, तेव्हा प्रभातच्या वारशाचं किती नुकसान झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा चित्रपटांची ड्यूप निगेटिव्ह किंवा एखादी प्रिंट हेच जगातलं सर्वात चांगलं मटेरियल असू शकतं. ‘मूळ निगेटिव्ह नाही, मग नको’ म्हणायचं तर ‘संत तुकाराम’सारखा १९३६चा चित्रपट तुमच्या परीक्षेला बसूच शकणार नाही.

दुसरं पैशाचं. ब्लू-रेचा बराच खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होतो: ऑथरिंग (मेन्यूसह डिस्कची मांडणी), उपशीर्षकं, मास्टर, आणि कारखान्यात छापलेल्या प्रत्येक ब्लू-रेला सक्तीचा असलेला एएसीएस या नक्कलबंदी प्रणालीचा परवाना. तो खर्च ३०० प्रतींवर वाटायचा की ३,००० वर, यावर किंमत ठरते आणि तो आकडा प्रकाशक आगाऊ नोंदणीवरूनच बांधतो. पारखून घेऊ म्हणून सगळे थांबले, तर पुढचा चित्रपट कोणी हाती घेणार नाही.

अनघा_श्रुती

दोघेही फक्त चित्राबद्दल बोलताहात. मराठी संगीतपटात अर्धा जीव आवाजात असतो आणि सर्वात जास्त नासधूसही तिथेच होते.

ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाच्या पट्टीवर) धूळ आणि ओरखड्यांमुळे टकटक येते. ती काढणारं सॉफ्टवेअर अचानक उसळणारा, क्षणात संपणारा आवाज शोधतं. टाळ, चिपळ्या आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ नेमके तसेच असतात. मर्यादा जरा कडक ठेवली की भजनातल्या टाळांची धार जाते, नुसती खळखळ उरते. त्यानंतर खरखर काढायची म्हणून वरच्या कंप्रता दाबल्या की तंबोऱ्याची जवारीही जाते. योग्य रीत अशी की टकटक हाताने, वेव्हफॉर्म पाहून, एकेक काढायची आणि थोडी खरखर राहू द्यायची. दोन संवादांच्या मध्ये आवाज पूर्ण शून्यावर जात असेल तर गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारी प्रक्रिया) लावलं आहे हे ओळखावं. हेडफोनवर ते लगेच कळतं.

आणखी एक. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळतो. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो आणि स्वर सुमारे ०.७ अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या जवळ जाऊन बसतं. गायकाचा गळा पातळ वाटतो आणि लोक ‘जुनं रेकॉर्डिंग असंच असतं’ म्हणून सोडून देतात. २४ फ्रेमची ब्लू-रे एवढी एकच दुरुस्ती करत असेल, तरी मी ती घ्यायला तयार आहे. मात्र मूळ मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) हवाच. नुसता सहा वाहिन्यांचा ५.१ दिला असेल तर ती डिस्क अपुरी.

रीळ३५

दादर मॅटिनी, मी ‘मूळ निगेटिव्हच हवी’ असं म्हटलेलंच नाही. मटेरियल काय होतं ते सांगा, एवढंच म्हणतोय. ‘उपलब्ध एकमेव प्रिंटवरून २के स्कॅन’ असं छापलं तर मी ती डिस्क आनंदाने घेईन. आक्षेप आहे तो जुन्या बीटाकॅम व्हिडिओ टेपवरचं चित्र फुगवून ब्लू-रेवर टाकण्याला. अशी डिस्क ओळखता येते. कॅमेरा हलत असताना चित्र थांबवा. कडांना कंगव्याचे दात दिसले किंवा दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर मूळ व्हिडिओ टेप आहे. माणसाच्या खांद्याभोवती पांढरी रेघ दिसली तर कडा कृत्रिम तीक्ष्ण केल्या आहेत. आणि रुंदी-उंचीच्या १.३७ गुणोत्तराचा चित्रपट रुंद टीव्ही भरून दिसत असेल तर वरखाली मिळून २३ टक्के चित्र कापलेलं आहे. कपाळं कापली जातात, नाचातले पाय जातात.

‘आधी काहीही येऊ द्या’ या धोरणाचा तोटा असा की एकदा वाईट डिस्क निघाली की हक्क वर्षानुवर्षं त्याच प्रकाशकाकडे अडकतात. चांगली निघायची शक्यता तिथेच संपते.

बिटरेट_वाचक

रीळ३५ यांच्या ‘प्रिंटला २के पुरतो’ याला माझा विरोध आहे. ग्रेन हा फिल्मवरचा सर्वात बारीक तपशील. तो स्कॅनरच्या पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर २केमध्ये तो नीट नोंदला जात नाही, त्याचे जाडसर ठिपके बनतात आणि चित्र मुळापेक्षा खरबरीत दिसतं. मग तेच ‘स्वच्छ’ करायला नॉइज रिडक्शन (ठिपके पुसणारं सॉफ्टवेअर) चालवतात आणि चेहरे मेणाचे होतात. म्हणून प्रिंट असली तरी स्कॅन ४के करावा, धूळ आणि ओरखड्यांची सफाई त्यावर करावी, आणि नंतर लहान करून ब्लू-रे काढावी. रुंदावलेल्या छिद्रांमुळे चित्र थरथरतं, तेही मोठ्या स्कॅनवर जास्त अचूक स्थिर करता येतं. ओरखड्यांबाबत एक लक्षात असू द्या. बेसच्या, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीच्या, बाजूचे ओरखडे वेट गेटमधल्या (स्कॅन करताना फिल्म ओली ठेवणाऱ्या भागातल्या) द्रवाने भरून निघतात. इमल्शनवरचा, म्हणजे चित्र असलेल्या थरावरचा, ओरखडा मात्र चित्रच खरवडून नेतो, तो फ्रेमगणिक रंगवूनच बुजवावा लागतो.

खरी गफलत होते कॉम्प्रेशनमध्ये. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट देता येतात. २०० मिनिटांचा चित्रपट ५० जीबीच्या डिस्कवर एकटा ठेवला तर आवाजासह सरासरी ३३च्या आसपास मिळतात, तेवढे ग्रेनला पुरतात. तोच २५ जीबीवर कोंबला तर साडेसोळा. मग अंधाऱ्या प्रसंगांत भिंतीवर चौकोन हलताना दिसतात. ‘एका डिस्कवर तीन चित्रपट’ हा सौदा याच कारणासाठी टाळावा. संगणकावर बीडीइन्फो या प्रोग्रामने डिस्क तपासली की सरासरी बिटरेट (सेकंदाला मिळालेले मेगाबिट) कळतो. ज्यांच्याकडे डिस्क आली आहे त्यांनी तो आकडा इथे टाकला तर बाकीच्यांचे पैसे वाचतील.

गोदाकाठ

मटेरियल झालं, बिटरेट झाला. पण चित्रपटाची कोणती आवृत्ती डिस्कवर यावी हे कोण ठरवणार? ‘शोले’चं रिस्टोरेशन २०२५ साली बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलं, त्यात मूळ शेवट आहे, म्हणजे ठाकूर गब्बरला मारतो तो. आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो बदलायला लावला होता. माझ्या मते डिस्कवर हाच शेवट असावा. सक्तीने बदललेला शेवट जतन करण्यात कसलं भूषण?

दादर_मॅटिनी

गोदाकाठ, सक्तीचा असला तरी १९७५पासून पिढ्यान् पिढ्यांनी पाहिला तो पोलीस येऊन थांबवतात तोच शेवट. तो पुसून टाकला तर सेन्सॉरने काय केलं होतं याचा पुरावाच जाईल. दोन्ही द्यायला हवेत आणि त्यासाठी दुप्पट जागाही लागत नाही. सीमलेस ब्रँचिंगने समान भाग एकदाच साठवतात, फक्त वेगळे तुकडे स्वतंत्र ठेवतात आणि मेन्यूतून निवडता येतात. जोडाच्या जागी काही प्लेअर क्षणभर अडखळतात, ते टाळायला जोड शांत फ्रेमवर ठेवायचा. शेवट फक्त ‘जास्तीचं साहित्य’ म्हणून टेपवरून कमी प्रतीत देणं मात्र मलाही मान्य नाही.

मुठेकाठचा_प्रवासी

बाहेरून मागवणाऱ्यांसाठी. ब्लू-रेच्या प्रादेशिक विभागणीत भारत ‘सी’मध्ये आहे. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या प्रकाशकाच्या ब्लू-रे ‘ए’साठी कुलूपबंद असतात, ब्रिटनच्या बहुतेक ‘बी’साठी. यूएचडी (४के) डिस्कला प्रदेशाचं कुलूप नाही. पण दोन्ही असलेल्या संचात पूरक माहितीपट अनेकदा फक्त ब्लू-रेवर असतात आणि तिला कुलूप असतं. तेव्हा प्लेअर बहुप्रदेशीय आहे का, हे मागवण्याआधी पाहा. डीव्हीडीसाठी उघडलेला प्लेअर ब्लू-रेसाठी उघडलेला असतोच असं नाही, विकणारे हे दोन्ही एकच म्हणून सांगतात.

कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर डिस्क उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेल ठेवा. डीव्हीडीत ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, दमट हवेत कडेपासून तो जोड सुटू शकतो. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिमीवर असतो. वर कडक लेप असला तरी खोल चरा गेला तर प्लेअरला ती डिस्क वाचता येत नाही.

रीळ३५

दोन्ही शेवट, मूळ मोनो आणि चित्रपटाला स्वतंत्र ५० जीबी, हे मान्य. ४के स्कॅनबद्दल बिटरेट वाचक यांचं म्हणणंही पटलं, ग्रेन नीट नोंदवण्यापुरतं. आगाऊ नोंदणीबद्दल माझं मत बदललेलं नाही. दादर मॅटिनी, तुम्ही नोंदणी करताना प्रकाशकाला ईमेल करताच, त्यात चार गोष्टी विचारा : चित्राचं मटेरियल, आवाजाचं मटेरियल, गुणोत्तर, डिस्कची क्षमता. उत्तर इथे चिकटवा. त्यांनी चारही सांगितल्या तर त्याच दिवशी मीही नोंदणी करतो.

दादर_मॅटिनी

विचारतो. पण त्यांनी तीनच सांगितल्या तरी मी नोंदणी मागे घेणार नाही.