शूटची वाढ, पोरीची उंची आणि घसरलेले गुण: कुणी सांगेल का?

बागाईतदार_सावळज | २ जून

नमस्कार मंडळी. मी सावळजचा, तासगाव तालुका. थॉमसन द्राक्षाचा दीड एकर आहे, डॉगरिज खुंटावर (खाली डॉगरिजचं मूळ, वर थॉमसनचं कलम), लागण नऊ बाय पाच फुटांवर. थोरली पोरगी दहावी झाली, सांगलीत दहा मीटर एअर रायफल मारते. दोन्हीकडं यंदा एकच दुखणं आहे, म्हणून एकाच ठिकाणी लिहितोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

झालं असं. परवा रात्री मोबाईलवर इंग्रजीत ‘शूट ग्रोथ’ टाकलं. मला बघायचं होतं खरड छाटणीनंतरची (एप्रिलातली, काड्या तयार करायची छाटणी) फूट आवरायची कशी. निम्मी पानं आली द्राक्षवेलीची आणि निम्मी नेमबाजीची. पोरगी शेजारीच बसली होती. म्हणाली, “पप्पा, दोन्ही वाचा, दोन्ही आपल्याच घरातलं आहे.”

आधी बागेचं. छाटणी ८ एप्रिलची, म्हणजे आज ५५ दिवस. मे संपता संपता वळवाचे दोन मोठे पाऊस झाले आणि फूट सुसाट सुटली. पेऱ्यात चार-चार बोटं अंतर पडलंय. बगलफुटी (पानांच्या बगलेतल्या फुटी) आज काढल्या की परवा पुन्हा हजर. भर दुपारी मांडवाखाली इतकी गर्द सावली की वस्तीवरची कुत्री तिथंच येऊन पडतात. मागच्या सालीही असंच झालं होतं, आणि ऑक्टोबरात निम्म्या काड्यांवर घडाच्या जागी बाळ्या (वेलीचे नुसते तंतू) निघाल्या. औषधाचा खर्च मात्र पूर्ण बागेचा झाला.

आता पोरीचं. गेल्या पाडव्यापासून यंदाच्या पाडव्यापर्यंत सात सेंटिमीटर उंच झाली. आमची ही दर पाडव्याला चौकटीवर पेन्सिलीनं खूण करते, म्हणून पक्कं सांगतो. दिवाळीत साठ शॉटला ६१८.३ गुण मारत होती, आता ६०९च्या वर सरकेना. कोच चांगले आहेत, पण एकटा माणूस आणि पस्तीस पोरं. ‘एकाग्रता कमी पडते’ एवढंच म्हणतात. पोरगी घरी येते आणि मान चोळत बसते.

त्यात रेंजवर एका पालकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ठोके कमी करायची एक गोळी मिळते, मॅचच्या आधी दिली की हात हलत नाही. मला पटलं नाही, पण खोटं कशाला बोलू, डोक्यातनं जाईना. वेलीला आपण सीसीसी (वाढ रोखायचं औषध) मारून आवरतोच की. वेलीचा शेंडा मारता येतो, पोरीचं काय करू?

---

निवृत्त_सुभेदार | अपशिंगे मिलिटरी, सातारा

भाऊ, गोळीचा विषय आधी बंद करा. तो पालक परत भेटला तर रामराम घालून पुढं जा.

बाकी तुमच्या पोरीला एकच विचारा, नेम धरून किती वेळ थांबते. आमच्याकडं रंगरूट असंच करायचे. नेम लागलाय, तरी अजून चांगला लागेल म्हणून वाट बघत राहायचे, आणि मग डोळ्यात पाणी येऊन फडफडवायचे. श्वास सोडल्यावर जो विसावा मिळतो त्यातच काम झालं पाहिजे. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली, पुन्हा पहिल्यापासून. रायफल खाली घ्यायला लाज वाटते पोरांना. लाज कसली त्यात?

एकाग्रता वगैरे नंतर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरला कांस्य आणलं तेव्हापासून आमच्या गावातही चार पोरं एअर रायफल मागतात. सगळ्यांना पदक दिसतं, रायफल खाली घेणं कुणाला दिसत नाही.

---

कराडची_जुनी_नेमबाज

दादा, मान चोळते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. उत्तर तिथंच आहे.

सुभेदार साहेबांचं श्वासाचं बरोबर आहे, पण ते पडून मारलेल्या फायरिंगच्या हिशेबानं बोलतायत. एअर रायफल उभ्यानं मारतात. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो, आणि जवळपास पाच किलोची रायफल त्या हाडावर उभी असते, हातावर नाही. सात सेंटिमीटर वाढली म्हणजे नुसती उंच झाली नाही. कंबर ते डोळा हे अंतर बदललं. कोपर जुन्याच जागी, डोळा वर गेला. मग मुलगी काय करते? मान खाली घालून साईटला (नेम धरायच्या भोकाला) गाल नेते. पहिल्या दहा शॉटला कळतही नाही. चाळिसाव्या शॉटला मान ताठते, साठाव्याला सगळंच ताठतं. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचारचा. तिथं मान किती वाकली याचा हिशेब लागतोच.

मी सोळाची असताना माझंही असंच झालं होतं. आठ महिने मी स्वतःला घाबरट समजत होते. शेवटी एका सीनियर ताईनं बटप्लेट (रायफलची खांद्याला टेकणारी पट्टी) दोन भोकं खाली घेतली आणि त्याच दिवशी फरक दिसला. राग आला मला. इतकं सोपं होतं तर कुणी आधी का नाही बोललं!

तेव्हा असं करा. बाजूनं तिचा फोटो काढा, रायफल खांद्याला लावून. डोकं सरळ आहे का पुढं झुकलंय ते बघा. झुकलं असेल तर बटप्लेट खाली सरकवायची, म्हणजे रायफल वर येते. नाहीतर साईटखाली रायझर (साईट उंच करायचा तुकडा) लावायचा. मग गालाखालचा चीकपीस नव्यानं बसवायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि आधीची खूण मार्करनं करून ठेवायची. हे कोचसमोरच करा. पस्तीस पोरं असली तरी अर्धा तास देतील, फोटो दाखवलात तर नक्की देतील.

दुसरं. तिला नेम धरून डोळे मिटायला सांगा. दोन श्वास घेऊन डोळे उघडायचे. साईट टार्गेटच्या काळ्या गोलावरून सरकलेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही, मागचा पाय सरकवायचा. वाढत्या वयात हे रोज करावं लागतं, कारण कालचं अंग आज नसतं.

जॅकेटही बघा. काखेत आणि पाठीत ओढत असणार. बटणं घरी सरकवू नका. किती सैल, किती जाड याचे नियम असतात, आणि मॅचला ते मोजतात.

आता ती गोळी. तिला बीटा ब्लॉकर म्हणतात. हात स्थिर होतो हे खोटं नाही. १९८६ मध्ये पिस्तूल नेमबाजांवर तसा प्रयोगही झालाय आणि गुण वाढले होते. काम करते म्हणूनच ती बंदीच्या यादीत आहे, आणि नेमबाजीत तर मॅचच्या दिवशीच नव्हे, एरवीही चालत नाही. २००८ च्या बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूकडून एक रौप्य आणि एक कांस्य परत घेतलं, प्रोप्रानोलॉल सापडलं म्हणून. शिवाय ते हृदयाचं औषध आहे, दमा असलेल्या मुलीला दिलं तर जिवावर बेतेल. ठोक्यांचा प्रश्न सरावानंही सुटतो. फिनलंडच्या १९८७ च्या एका अभ्यासात मुरलेले नेमबाज दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात ट्रिगर दाबत होते, नवशिके कधीही.

---

पलूसचे_सर | वनस्पतिशास्त्र

मला नेमबाजीतलं काही कळत नाही, मी वेलीवर बोलतो.

तुमच्या बाळ्या का निघाल्या ते सांगतो, कारण यंदाचं नुकसान आता, या महिन्यात ठरतंय. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ-सत्तर दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या (कळीच्या) आत एक इवलासा कोंब असतो. त्यानं अजून ठरवलेलं नसतं घड व्हायचं की बाळी. वेलीत सायटोकायनिन आणि जिबरेलिन अशी दोन संप्रेरकं असतात. सायटोकायनिन भरपूर आणि डोळ्यावर ऊन असेल तर घड. जिबरेलिन वरचढ, म्हणजे वाढीचा जोर आणि सावली असेल तर बाळी. घड आणि बाळी ही एकाच आईची लेकरं आहेत. ऑक्टोबरात तुम्ही जी बाळी बघता तिचा निकाल जूनमध्ये त्या कुत्र्यांच्या सावलीत लागलेला असतो.

सीसीसी करतं काय, तर वेलीला जिबरेलिन बनवू देत नाही. म्हणून पेरा आखूड राहतो. गंमत बघा, हेच जिबरेलिन आपण फळ छाटणीनंतर (पावसाळ्यानंतरची, घडासाठीची छाटणी) जीए म्हणून बाटलीतून फवारतो, मणी लांब व्हावा म्हणून. एप्रिलात शत्रू, नोव्हेंबरात सोयरा. त्याचा शोधही भातातल्या अशाच सुसाट वाढीतून लागला. जपानी शेतकरी त्या रोगाला ‘बाकानाए’ म्हणायचे, म्हणजे मूर्ख रोप. उंच उंच वाढायचं आणि दाणा न भरता आडवं पडायचं. कुरोसावा नावाच्या संशोधकानं १९२६ मध्ये दाखवलं की रोपावरच्या बुरशीतून निघणारा पदार्थच ही वाढ करतो.

पण सीसीसी सांभाळून. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट म्हणजे हेच सीसीसी सापडलं आणि कंटेनर अडकले. ताईंनी कोरियाच्या नेमबाजाचं सांगितलं तेव्हा मला तेच आठवलं. वेलीत घातलेलं वेल विसरते असं आपल्याला वाटतं, तपासणी करणारा विसरत नाही.

---

मणेराजुरी_२_एकर

सर बोलले ते ठीक, पण ५५ दिवस झाल्यावर सीसीसीचं काय घेऊन बसलाय? ते पाच-सात पानं असताना मारायचं. आता मारून पैसे घालवू नका.

नत्र बंद. पाणी निम्म्यावर आणा, पाऊस झाला तर ड्रीप दोन दिवस बंदच. शेंडे मारा, पण एका दिवसात सगळे नको, नाहीतर सगळा जोर बगलफुटीत जातो. मी तीन टप्प्यांत मारतो. वेलीवर काड्या किती ठेवल्यात? मी पस्तीसच्या वर ठेवत नाही. पेन्सिलीएवढी काडी बास, अंगठ्याएवढी काडी बघून खूश व्हायचं नसतं. आतल्या बारक्या आणि आडव्या फुटी मुळापासून काढा, मांडवाखाली उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. मग ०-५२-३४ खत, आणि काडी पिकायला लागली की ०-०-५०.

आणि सप्टेंबरात काड्या कापून डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. कितव्या डोळ्यावर घड आहे ते कळल्यावरच छाटणीची कात्री लावा. मागच्या साली घेतली होती का तपासणी? नसणार.

---

बागाईतदार_सावळज | २९ जून

सगळ्यांचे आभार. मणेराजुरीवाल्यांनी ओळखलं, नव्हती घेतली तपासणी. सातशे-आठशे रुपये वाचवले होते.

बागेत एका वेलीवर त्रेपन्न काड्या मोजल्या, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. बायका लावून विरळणी केली, शेंडे तीन टप्प्यांत मारले. आता दुपारी मांडवाखाली उजेड पडतो. कुत्री उठून गोठ्यात गेली आहेत.

पोरीचा फोटो काढला. ताई, तुम्ही म्हणता तसंच, मान अशी पुढं घातलेली की गाय गव्हाणीत तोंड घालते तशी. कोचना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग काही न बोलता ॲलन की घेऊन आले. बटप्लेट खाली घेतली, चीकपीस वर. मग पोरीनं डोळे मिटून उघडले तर साईट काळ्याच्या पार बाहेर गेलेली. मागचा पाय अंगठाभर सरकवला, परत मिटले, परत उघडले. पाच वेळा केलं. मी मागं खुर्चीवर बसून मोजत होतो.

सुभेदार साहेब, ती नेम धरून सोळा-सतरा सेकंद थांबत होती. मोबाईलच्या घड्याळावर बघितलं. आता रायफल खाली घेते. पहिल्या दिवशी साठ शॉटमध्ये एकवीस वेळा घेतली, वेळ कमी पडला आणि शेवटचे शॉट घाईत गेले. काल अकरा वेळा. गुण ६१३.७. अजून ६१८ लांब आहे, पण मान चोळत नाही.

त्या पालकाला मी किम जोंग-सूचं सांगितलं. ते म्हणाले, आपण कुठं ऑलिंपिकला चाललोय.

जॅकेट खरंच लहान झालंय, पाठीत दोन बोटं ओढतं. नवं घ्यावं लागेल. जुनं चांगलं आहे, उजव्या हातानं मारणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला बसेल. तासगाव-विट्याकडं कुणाला हवं असेल तर इथंच कळवा, भाव बघून करू.