राष्ट्राची मूल्ये उद्देशिकेत शोधावीत की लोकांच्या तक्रारींत?

दापोलीचा मास्तर
मी दापोली तालुक्यातील एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. संविधान दिनाच्या निमित्ताने नववीच्या मुलांना दोन कोरे कागद दिले. एकावर देशाची मूल्ये लिहायची होती, दुसऱ्यावर घरातली मोठी माणसे कशाबद्दल चिडून बोलतात ते. पहिला कागद सगळ्यांचा सारखाच आला: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता, अगदी उद्देशिकेतल्याच क्रमाने. दुसऱ्यावर मात्र मुंबई-गोवा महामार्ग, गणपतीत न मिळालेले रेल्वेचे आरक्षण आणि बागेत शिरणारी माकडे होती. एका मुलीने लिहिले होते, “आजी अजून मे महिन्यातल्या टँकरबद्दल बोलते. तो आधी खालच्या वाडीत रिकामा व्हायचा.” राष्ट्राची ओळख यांपैकी कोणत्या कागदावरून करावी?

चिपळूणकर
मास्तर, मला हे दोन कागद वेगळे वाटतच नाहीत. टँकर आधी कोणाकडे, हा आजीचा प्रश्न समतेचाच आहे. तिने तो शब्द वापरला नाही, इतकेच. महामार्गाचेही तसेच. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हाती घेतलेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा आमचा रस्ता अपुराच होता. कोकणी माणूस खड्ड्यांना एरवीही शिव्या घालतोच (तो आमचा पावसाळी उद्योग आहे), पण या रागात ‘त्यांना मिळाले, आम्हाला का नाही’ ही जी तुलना आहे, ती न्यायाची अपेक्षा असल्याशिवाय माणसाच्या मनात येत नाही.

महाडहून
चिपळूणकरांचे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. मूल्य कागदावर आले होते. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर गावातल्या प्रतिष्ठितांची तक्रार काय होती, तर तळे बाटले! त्यांनी त्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात नेला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 उजाडले. त्या काळी कोणी घरोघरच्या तक्रारी गोळा केल्या असत्या, तर कोणती तक्रार वर आली असती, याचा विचार करावा. ज्याचा आवाज मोठा, त्याचीच चिंता सार्वजनिक ठरते.

हर्णै बंदर
मी तक्रारीऐवजी बंदीकडे बोट दाखवीन. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आम्ही यांत्रिक नौका समुद्रात नेत नाही. होड्या वर ओढून शाकारायच्या, अंगणात बसून फाटकी जाळी सांधायची आणि उधारीवर दिवस काढायचे. माशांची पैदास व्हावी म्हणून पदरमोड करून पाळलेली ही गोष्ट कोणी मूल्य म्हणून फळ्यावर लिहीत नाही. पण थंडीच्या दिवसांत रात्री दारातून पाहिले की समुद्रावर मासे ओढून घेण्यासाठी लावलेला एलईडी दिव्यांचा पांढरा उजेड दिसतो. तशा मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. एकाने पाळायचे आणि दुसऱ्याने उजेड लावून ओरपायचे, असे चालले की पाळणाऱ्यालाच गाढव म्हणतात. माझ्या मते राष्ट्र पाहायचे असेल तर नियम पाळणाऱ्याला तिथे काय म्हणतात, ते पाहावे.

दापोलीचा मास्तर
सर्वांचे आभार. महाडच्या मित्रांचे वाचून मी काल त्या मुलीला बोलावले आणि विचारले, की टँकर तुमच्या वाडीत शेवटी यायचा, म्हणजे तुमच्यापुढे आणखी कोणी नाही ना? ती म्हणाली, “आहेत ना, ओढ्यापलीकडे चार घरे आहेत. तिकडे टँकर जातच नाही.” हे तू कागदावर का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर ती थोडी गोंधळली. “घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही, सर.”