अनुभव धागा: दहा हजार रुपये, राणीछाप की सदरची रात्र?

नागपुरात चौघांनी सदरला किंवा वर्धा रोडला नीट बसायचं म्हटलं की बिल दहा हजारांच्या घरात जातं. तेवढ्याच पैशात इतवारीच्या सराफ्यात राणीछाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे रुपये येतात, मूठभर नाही, पण बोटांवर मोजण्याइतके. धागा त्यासाठीच. "आजोबांच्या ट्रंकेत सापडलं" छापाच्या आठवणी नकोत, त्यासाठी दुसरा धागा आहे. इथे मोजमाप लिहा: काय घ्यावं, कसं तपासावं, विकताना हाती काय उरतं. रात्रीची बाजू मांडणाऱ्यांनीही बिल उलगडून दाखवावं.

इतवारीकर

आधी चांदीचा हिशेब, बाकी सगळं त्यावर उभं आहे. ब्रिटिश अमदानीतला रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० च्या आधीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. १९४६-४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. त्यात चांदी औषधालाही नाही.

चांदीचा किलोचा भाव हजाराने भागायचा आणि १०.६९ ने गुणायचा. भाव दोन लाख धरला तर एका कलदारात २,१३८ रुपयांची चांदी बसते. हा मोडीचा भाव. याच्या वर जे देता ते 'नाणं' म्हणून देता, आणि विकायला गेलात की सराफ मोडीच्या भावातूनही बट्टा कापतो. म्हणून घेतानाच विचारायचं, "हाच परत आणला तर काय द्याल?" दोन आकड्यांतलं अंतर हा तुमचा खरा खर्च. तो रात्रीच्या बिलाशी ताडून पाहा, पूर्ण किंमत नाही.

साल बघून हुरळून जाऊ नका. १८६२ चा रुपया जुना दिसतो म्हणून लोक जास्त मोजतात, पण ते साल १८७४ पर्यंत साच्यावर तसंच राहिलं होतं. म्हणून १८६२ लिहिलेले रुपये ढिगाने आहेत. जाणकार त्यातले ठिपके मोजून प्रकार वेगळे करतात, ते शिकल्याशिवाय साध्या १८६२ ला मोडीच्या वर फार देऊ नये. एडवर्डचे आणि पंचम जॉर्जचे बहुतेक सालांचे रुपयेही तसेच.

आणखी एक. धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन या दिवसांत घेऊ नका. पूजेसाठी गिऱ्हाईक येतं, भाव चढतो, आणि त्याच गर्दीत नव्याने पाडलेले 'राणीछाप' शिक्के खपतात. पूजेला चालतात. संग्रहाला नाही.

भिंगवाला

खरं-खोटं बघायला लागतं ते असं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट दाखवणारं भिंग, शिवणाचा दोरा आणि पेलाभर पाणी. सगळं मिळून दोन प्लेट सावजीच्या आसपास, एकदाच.

कोरडं वजन घ्या. चलनात झिजलेला रुपया ११.५ च्या आसपास उतरला तर चालतं. १०.८ आला तर हात आखडा. मग पेला पाण्यासकट काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याचा फास घालून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याचा घनफळाचा आकडा. कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता.

पूर्ण वजनाचा १९४० पूर्वीचा रुपया पाण्यात १.१३ दाखवतो, घनता १०.३ च्या आसपास. निम्म्या चांदीचा १.२२ दाखवतो. तांबे-निकेलवर मुलामा दिलेला १.३१ च्या जवळ जातो.

गडबड दोन ठिकाणी होते. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं, म्हणून आधी साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यातून काढून घ्या. आणि दोरा जाड असला की तोच पाणी पितो. तीनदा मोजा. तिन्ही आकडे ०.०२ च्या आत आले तरच विश्वास ठेवा.

चुंबकाने फक्त एक गोष्ट कळते: चिकटलं तर चांदीचं नाही. निकेलचा १९४७ चा वाघाचा रुपया खरा असूनही चिकटतो, त्याला खोटा म्हणून फेकू नका. नाही चिकटलं म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही.

भिंगाखाली आधी कडा. दोन अर्धुकं जोडल्याची रेघ, दाते मध्येच पुसट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, म्हणजे ओतीव माल. टांकसाळीतलं नाणं ठोकलेलं असतं, अक्षरांच्या मुळाशी धार असते. ओतीव नाण्यात अक्षर साबणासारखं ओघळलेलं दिसतं.

१९३९ चा षष्ठ जॉर्जचा रुपया दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याचे खोटे अमाप. शेवटचा आकडा कोरून बदललेला असू शकतो. तो आकडा शेजारच्या ३ शी ताडून बघा, उंची आणि भोवतालची जमीन सारखी हवी. नाणी तपासणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रासह बंद डबीत नसेल तर या सालाच्या वाटेला जाऊ नका. डबीतला असला तरी त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो जुळवा, डब्यासुद्धा खोट्या येतात.

तर्री_पोहा

१९११ चा 'डुकराचा रुपया' राहिला ना भिंगवाले भाऊ?

भिंगवाला

राहिला खरा. पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीत हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना डुक्कर दिसलं. ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली, पुढच्या साली सोंड लांब केली. बाजारात आला तर सोंड झिजलेली नको, सगळी किंमत तिच्यातच आहे.

सीताबर्डी_एक्सप्रेस

रात्रीच्या बाजूने कोणीच बोलून नाही राह्यलं, तं मी लिहितो. उदाहरणादाखल चौघांचं बिल घ्या. जेवण ३,६००, दारू ४,०००. जेवणावर ५ टक्के जीएसटी, १८०. दारूवर जीएसटी नसतो, परमिट रूममध्ये व्हॅट असतो, १० टक्क्यांनी ४००. खाली बारीक अक्षरात १० टक्के सर्व्हिस चार्ज, ७६०. झाले ८,९४०. जाता-येता टॅक्सी धरा, दहा हजार दूर नाही.

यातले ७६० ऐच्छिक आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे हॉटेलला तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काउंटरवर शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं. वाद घालत असतील तं १९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरवर तक्रार होते.

मोठ्या हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथे जेवणाचा जीएसटी ५ नाही, १८ टक्के लागतो. जागा ठरवतानाच बघा.

दारूचा हिशेब असा: ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा लार्ज निघतात. कार्डावरच्या लार्जचा भाव साडेबाराने गुणा आणि दुकानातल्या बाटलीच्या किमतीशी लावा, बसायच्या जागेचं भाडं किती ते उघड दिसतं. एकतीस डिसेंबरला 'कव्हर', म्हणजे आत शिरायचे पैसे घेतात, तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: त्यातलं किती खाण्यापिण्यात वळतं? उत्तर लेखी, निदान मेसेजवर घ्या.

गाडी स्वतः चालवत असाल तं बाकी सगळा हिशेब रद्द. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेवढ्यात इतवारीकरांचे कलदार आले असते.

माझं मत विचाराल तं रात्र ही सरळ खर्चाची गोष्ट आहे, कोणी तिला 'गुंतवणूक' म्हणत नाही. नाणेवाले म्हणतात, आणि फसतात ते तिथेच.

वऱ्हाडी_ठोकळा

फसण्यावरून एक. पाच रुपयांच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो देतो म्हणणारे मेसेज फिरून राह्यले, ते सगळे बकवास. २०१२ चं चलनी नाणं आहे ते, गल्ल्यात आजही सापडतं. आधी 'नोंदणी फी', मग 'कर', मग 'कमिशन' असं मागत जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पडत नाही आणि असं शुल्कही मागत नाही. विकणाऱ्याकडून पैसे मागणारा खरेदीदार जगात नसतो बाप्पा.

खस_आणि_कूलर

घेतलेलं नाणं नागपुरात टिकवणं हा वेगळाच विषय. उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खोलीत कूलर चालू असतो. एप्रिल ते जून ती खोली आपणच दमट करतो, पुढे पावसाळा. अल्बम कूलरच्या खोलीत ठेवू नका. भिंतीतल्या कपाटातही नको, पावसात ओल तिथूनच येते.

मऊ, चकचकीत, नव्या रेक्झिनसारख्या वासाची पाकिटं पीव्हीसीची असतात. उकाड्यात त्यातून तेलकट द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. शंका असेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल करा, पाकिटाच्या तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.

त्याऐवजी मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. पिना मारल्यावर पक्कडीने दाबून सपाट करा, नाही तर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. डब्यात सिलिका जेल. निळं असतं ते गुलाबी झालं की संपलं, मंद आचेवर लोखंडी तव्यात परतलं की पुन्हा निळं होतं. तो तवा पोळ्यांना परत वापरायचा नाही.

रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, तिन्हींत गंधक. रबराने बांधलेल्या कलदारावर काळी पट्टी उमटते ती त्यामुळे.

हिरवा चिकटा आलाच तर रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन घ्या, नखांचं रिमूव्हर नाही. काचेच्या वाटीत नाणं पाचेक मिनिटं बुडवायचं, चोळायचं नाही, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढून उघड्यावर सुकू द्यायचं. स्वयंपाकघरात करू नका, भडकतं.

अजब_बंगला

दहा हजारांत 'शिवकालीन होन' मिळतोय असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. होन सोन्याचा, आणि बाजारात फिरणारे जवळपास सगळे नकली. तांब्याची शिवराई मात्र आवाक्यात आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढच्या काळातली दुदांडी (मजकुरात दोन आडव्या रेघा असलेली) शिवराई आणखी स्वस्त आणि शिकायला उत्तम, कारण तिचे साचे हाती कोरलेले आणि अक्षरं वेडीवाकडी. ठप्पा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचित उतरतो. पूर्ण, गोल, ठळक दिसली तर उलट संशय घ्यावा.

नागपूरकर भोसल्यांचे चांदीचे रुपये शोधताना लोक मराठी अक्षरं शोधतात आणि हातातलं सोडून देतात. कटकच्या टांकसाळीतले रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसीत पाडलेले आहेत. ओडिशा १७५१ ते १८०३ भोसल्यांकडे होता, हे ध्यानात ठेवून चिन्हं बघायची.

कायदा दोन ओळींत. शेतात, घराच्या पायात, विहिरीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करायचा मोह टाळा. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा ठेवा निघाला आणि संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला, म्हणून काही राजांची नावं कळली. तोच ठेवा चार हातांत वाटला गेला असता तर मोडीत गेला असता.

घेण्याआधी सिव्हिल लाइन्सच्या मध्यवर्ती संग्रहालयात डोळा तयार करून या.

नया_पैसा

सगळे चांदीवरच अडून बसले. दहा हजार एकदम घालवायचे कशाला? १ एप्रिल १९५७ ला दशमान आलं आणि १ जून १९६४ ला 'नया' शब्द गळला. मधल्या वर्षांतले १, २, ५, १०, २५, ५० असे सहा किमतींचे पैसे, साल आणि टांकसाळीप्रमाणे लावत जा. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नाही तर कोलकाता. गोल ठिपका नोएडाचा, पण तो १९८८ पासून, नव्या पैशावर शोधू नका.

चांदीच हवी तर १९६९ च्या गांधी शताब्दीचा दहाचा रुपया बघा. १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे शुद्ध १२ ग्रॅम, कलदारापेक्षा जास्त. त्यावर साल नाही, '१८६९-१९४८' आहे, म्हणून अनेकांना ओळखू येत नाही.

टांकसाळीच्या डबीबंद स्मारक नाण्यांबद्दल सावध. ३५ ग्रॅमच्या निम्म्या चांदीच्या नाण्यात १७.५ ग्रॅम चांदी. उरलेले पैसे चकाकी, डबी आणि करांचे, विकताना ते परत मिळतील असं धरू नका. डबी उघडून बोट लावलं तर चकाकीचेही गेले.

तर्री_पोहा

एक शंका. घरातला राणीछाप कोणीतरी पितांबरीने घासून आरशासारखा केलाय. पूर्ववत होईल का?

इतवारीकर

नाही. मोडीच्या भावात धरा.

भिंगवाला

पण वजन करून बघा, घनता शिकायला तोच चांगला. त्याला ओरखडा पडला तरी आता काय जातंय.